रोवणीच्या रांगेतल्या लांजेवार मॅडम

लांजेवार मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पिंढऱ्या बुडतील एवढ्या चिखलात वाकून उभ्या होत्या आणि खणखणीत आवाजात गर्भाशयाच्या तोंडाविषयी बोलत होत्या. आंबागडच्या किल्ल्याखाली एका बांधीत धानाची रोवणी चालली होती. बारा बायांची रांग, प्रत्येकीच्या हातात रोपांची जुडी, आणि मधोमध साडी खोचलेली ही बाई. तुमसरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी, पन्नाशी ओलांडलेली. मी मोठ्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या काकूला, डबा द्यायला आले होते. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभ्या उभ्या माझेच कान तापले.

"काहून वो मॅडम, तुमची रांग सापावानी जाऊन राहिली," एक बाई म्हणाली. "कॉलेजात पोराईले असंच शिकवता का?"

"तिथं सरळ शिकवतो, म्हणून तर झोपते सारे. वाकडं जाते म्हणून तू जागी तरी आहेस."

रांग हसली. हसू ओसरायच्या आत मॅडम पुन्हा विषयावर. हे ठिकाण का निवडलं, असं मी नंतर विचारलं तर म्हणाल्या, "रोवताना मान खाली असते. कोणाले कोणाच्या डोळ्यात पाहा लागत नाही. बाईले जे बोलाचं असते ते ती चिखलाले सांगते, मी फक्त बाजूले उभी राहतो."

मी तेव्हा बी. ए. ला होते. माझे बाबा नाकाडोंगरीकडच्या खाणीत कामगार, आणि खाणीतली सगळी पत्रकं त्यांच्याच हातची. मला अक्षरओळख झाली तीच 'जाहीर निषेध' या दोन शब्दांनी. कॉलेजसाठी मी आंबागडला मोठ्या बाबांकडे, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाकडे राहत होते. मला जगात सगळीकडे अन्याय दिसायचा, आणि तो एका पानात मावेल असं वाटायचं. मॅडम सापडल्यावर मी त्यांच्या मागेच लागले. गाव कोणतंही असो, त्या पुढे आणि मी मागे पिशवी घेऊन.

त्या सांगायच्या ते मी त्याआधी कुठे वाचलं नव्हतं. गर्भाशयाच्या तोंडावर दोन जातींच्या पेशी शेजारी शेजारी नांदतात. बाहेरच्या अंगाला चपट्या, थरावर थर रचलेल्या. आतल्या अंगाला उंच, ओल धरणाऱ्या, एकाच ओळीत उभ्या. मध्ये कुंपण नाही, भिंत नाही. खालच्या थरातून एका बाजूला निरोप जातो, वाढत राहा. दुसऱ्या बाजूला तोच निरोप अडवणारा निरोप जातो. या उलटसुलट निरोपांच्या ताणावर ती सीमा उभी असते. वयात येताना ती सरकते, बाळंतपणात सरकते, पाळी गेल्यावर पुन्हा सरकते. "सरकणं म्हणजे रोग नाही," मॅडम बजावायच्या. "निरोप बंद होणं, तो रोग."

दिवाळीनंतर आरोग्य उपकेंद्रात या जागेच्या कर्करोगाच्या तपासणीचं शिबिर ठरलं. आंबट औषध लावून पाहायचं, कुठे पांढरा डाग उमटतो का. दहा मिनिटांचं काम. रांगेतल्या बाराही जणी हो म्हणाल्या होत्या. त्यात माझी मोठी आई होती. वर्षभर तिच्या अंगावरून जात होतं आणि ती ते कपड्याच्या घड्यांसारखं पेटीत ठेवून होती. मॅडमना तिचीच सर्वांत जास्त काळजी होती.

आणि मी पत्रक काढलं. मॅडमना न दाखवता. लाल अक्षरांत वर लिहिलं, 'हा रोग बाईला पुरुष देतो!' खाली सहा उद्गारचिन्हं असलेली सहा वाक्यं. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, रात्रभर दंडारीचा, लोकनाट्याचा खेळ असतो, त्यासाठी पाहुणे दुपारपासूनच जमतात. त्या गर्दीत मी ते वाटलं. गर्दीत पुढे पुरुष असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मोठ्या बाबांनी तो कागद चौकात, व्याह्यांसमोर वाचला. घरी येऊन मोठ्या आईला एवढंच म्हणाले, "तू तपासाले गेली, म्हणजे मी तसा आहे असं गावाले सांगितलं. जाऊ नोको."

शिबिराला बारापैकी दोघी आल्या.

मॅडमनी उपकेंद्राच्या पायरीवर बसून पत्रक दोनदा वाचलं. मला वाटलं, आता ओरडतील. "यात खोटं काहीच नाही," त्या म्हणाल्या. "पण पोरी, तुह्या कागदात शत्रू लई आहेत, शेजारी एकही नाही." मी भांडले. खरं असेल तर का लपवायचं, म्हणाले. "लपव कोण म्हणते? आधी तुह्या मोठ्या आईले टेबलावर येऊ दे. मंग भांडू, दोघी मिळून भांडू."

पण मोठी आई हलायला तयार नव्हती आणि दिवस जात होते. मॅडम दर चार दिवसांनी एसटीनं यायच्या, चहा प्यायच्या, विषय काढायच्या नाहीत. मी आत चिडून भांडी आपटायचे. पौष लागला तेव्हा एका सकाळी त्या सरळ शेतावर गेल्या. मोठे बाबा धुरा लिंपत होते.

"भाऊ, हा धुरा कोन सांभाळते?"

"कोन म्हणजे? मी आन् पलीकडचा. दोघं."

"कसा?"

"बोलून. त्यानं पाणी सोडलं का मले आवाज देते, मी सोडलं का त्याले. आवाज बंद झाला का धुरा फुटलाच समजा."

मॅडम चिखलातच उकिडव्या बसल्या. "बाईच्या पोटातही असाच एक धुरा आहे, भाऊ. तिथं एक विषाणू येऊन बसते. लई बायांच्या अंगातून तो आपोआप निघून जाते. एखादीच्यात ठाण मांडते आन् तो आवाजच बंद पाडते. मंग पेशीले थांब म्हणणारं कोणी उरत नाही. यात वहिनीचं पाप नाही. तुमचं काढाले मी आलो नाही. धुरा फुटला का नाही, एवढं पाहू द्या."

मोठे बाबा फावडं चालवत राहिले. पुढच्या सोमवारी त्यांनी मोठ्या आईला मोटारसायकलवर मागे बसवून उपकेंद्रात नेलं.

डाग उमटला. भंडाऱ्याला पाठवलं. तिथे छोटा तुकडा काढून घेतला आणि थांबा म्हणाले. ते दिवस मी काढले कसे, माझं मला माहीत. शेवटी मॅडमना बोलून टाकलं, की मोठ्या आईला काही झालं तर ते माझ्या पत्रकामुळे झालं.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "दोन महिन्यांत पेशी तेवढ्या बिघडत नाही. वर्षं लागते वर्षं. तुह्या कागदात एवढी ताकद नाही, उगा फुगू नोको." मग चष्मा नीट बसवून, "पण ते दोन महिने ती भीत राहिली. ते मात्र तुहे."

रिपोर्ट आला. पेशी बदलल्या होत्या, पण खोल उतरल्या नव्हत्या. तेवढा भाग काढला की झालं, असं डॉक्टर म्हणाल्या. तो काढला. मोठी आई खाटेवर बसून केळं खात होती. मॅडम पाया पडायला आलेल्या आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीला, आता तिथल्या नर्सला, रागावत होत्या की पेशंटला समजेल असं बोलत जा. तेवढ्यात मोठे बाबा जवळ आले.

"मॅडम, ह्या पोरीच्या कागदात होतं ते खरं आहे का? पुरुषाकडून येते म्हणून?"

"बहुतेक वेळा, हो."

"मंग मले काहून नाही बोलावत तपासाले?"

मॅडम खाटेच्या कडेवर बसल्या. "तशी तपासणी पुरुषांसाठी नाही, भाऊ."

"म्हणजे सारं हिनंच सोसाचं?"

"आतापर्यंत तर तसंच आहे."

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मोहाडी मागे पडल्यावर म्हणाल्या, "इतकी वर्षं मी फक्त बायांशी बोलत राहिलो. काहून?" माझ्या आत इतकी आग होती, आणि पहिल्यांदाच ती कुणावर फेकायची ते कळत नव्हतं.

उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या आणि मुलीकडे रायपूरला जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी आंबागडच्या समाजमंदिरात सभा ठेवली, फक्त पुरुषांची. निमंत्रण मी लिहिलं, साध्या काळ्या अक्षरांत. सात जण आले. मॅडमनी 'गर्भाशय' हा शब्द उच्चारला आणि चार जण कामं आठवून उठले. उरले तिघे. त्यात मोठे बाबा. मी संतापानं दाराकडे निघाले होते, त्या चौघांना परत आणायला.

"कुठं चालली?" मॅडम म्हणाल्या. "तिघं आहेत ना. बस."

मोठे बाबा चटई ओढून पुढे सरकले, आणि मॅडमनी पहिल्यापासून सुरुवात केली.