धरायला माणूस नको असा तंबू

मंगळवार म्हटलं की रफूवाली आदल्या दिवसापासूनच वाऱ्याचा अंदाज घेत बसायची. मंगळवारी बाजार, आणि बाजार भरतो नदीकाठच्या सिमेंटच्या मैदानावर. खुंटी ठोकायची सोय नाही. वारा तर असा की मैदान त्याच्याच मालकीचं आणि बाकीचे सगळे भाडेकरू!

एकवीस वर्षं ती तिथल्या कोपऱ्यात शिलाई मशीन मांडून बसते. फाटलेलं शिवते, विरलेलं रफू करते. आणि एकवीस वर्षं तिचा नवरा घडीच्या तंबूचा नदीकडचा पाय धरून उभा असतो. हो, दिवसभर उभा! बाजारात त्याला खांबकाका म्हणतात. थट्टेनं म्हणतात, पण खोटं काय आहे त्यात? कारखान्यात असताना त्यानं आठवड्याची सुट्टी मंगळवारीच मागून घेतली होती. चार वर्षांपूर्वी कारखाना सुटला, मंगळवार काही सुटला नाही.

गेल्या महिन्यात मात्र त्याचा खांदा निखळला. हात सुटला तसा तंबू उडाला आणि शेजारच्या कपबशीवाल्याच्या मांडणीवर जाऊन आपटला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "ह्या खांद्याला आता ओढ नको. पुन्हा निखळला तर हात वर जायचा नाही." बाजाराच्या कारकुनानं वर आणखी ऐकवलं, "मावशी, पुन्हा तंबू उडाला की जागा गेली म्हणून समजा."

म्हणजे नवऱ्याचा खांदा वाचवायचा तर जागा जाणार, आणि जागा वाचवायची तर खांदा. विचार करून करून तिचं डोकं शिणलं. शेवटी ती तंबूच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

दुकानदार एका दमात सुरू झाला. "पाणी शिरत नाही, ऊन लागत नाही, दोन मिनिटांत उभा. माणसं किती आहात?"

"उभारायला दोघं आहोत. धरायला एकही नको, असा दाखव बाबा."

त्यानं जाड पाइपांचा एक तंबू उघडला. शेंड्याला कापड कापून मोठी फट ठेवलेली, वर टोपीसारखा दुसरा तुकडा. "हा घ्या मावशी. वाऱ्याचा आहे."

तिनं नाक मुरडलं. "नव्याकोऱ्या तंबूला आधीच भोक? जन्मभर भोकं बुजवत आले, आता विकत घेऊ होय?"

पाइप तिनं ठोकून पाहिले, पाय हलवून पाहिले. पण शिवणारी बाई, तिची नजर अखेर टाक्यांवरच जायची. सगळ्यात जाड कापडाचा, दुहेरी शिवणीचा, तीन बाजूंनी भिंती असलेला तंबू तिनं निवडला. नखानं शिवण ओढली, एक टाका हलला नाही. मुंगीला शिरायला जागा नव्हती. ती खूश झाली.

पुढच्या मंगळवारी चारही पायांवर वाळूच्या पिशव्या टाकल्या आणि नवऱ्याला तिनं घरीच बस म्हणून सांगितलं. ऐकतोय कसला! मागोमाग आलाच. दुपारी वारा सुटला. त्या भिंतींत तो असा कोंडला की सगळा तंबू पिशव्यांसकट उचलला गेला. खांबकाकानं झेप घालून पाय धरला, आणि तो कळवळून ओरडला. तंबू राहिला. खांदाही राहिला, पण कसाबसा. ती तिथेच मटकन बसली.

"संपलं," ती म्हणाली. "आता नाही होत माझ्यानं. घ्या म्हणावं जागा."

कपबशीवाला पाणी घेऊन आला. जरा घुटमळला. "मावशी, राग मानू नका. माझा तंबू फाटका आहे ना, तो कधी उडत नाही. एकदाच उडाला होता, दोन वर्षांपूर्वी. तुम्ही मायेनं त्याचं शेंड्याकडचं भोक रफू करून दिलंत, त्याच आठवड्यात. मग मी घरी जाऊन उसवलं."

"आणि बोलला नाहीस?"

"एवढं सुंदर रफू केलं होतंत, कोणत्या तोंडानं सांगू?"

तिला संतापही आला आणि हसूही. दुकानदाराची ती फट आठवली आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

घरी तिनं तंबू जमिनीवर पसरला. भिंती उसवल्या. शेंड्याजवळ खडूनं गोल काढला आणि कात्री हातात घेऊन कितीतरी वेळ बसून राहिली. हात धजेना. फाटलं की सांधायचं, एवढंच त्या हातांना ठाऊक. शेवटी आतल्या खोलीतून नवऱ्याचं कण्हणं ऐकू आलं आणि तिनं खचकन कात्री चालवली. पावसासाठी वर सैल झापड शिवली, चारच जागी टाचलेली.

मंगळवार आला. खांबकाका सवयीनं नदीकडचा पाय धरून उभा.

"अहो, सोडा."

"अगं, जाईल ना!"

"जाऊ दे गेला तर. सोडा म्हणते ना!"

त्यानं एकेक बोट सोडलं. वारा आला. झापड फडफडली, उचलली गेली, वारा वरून निघून गेला. तंबू थरथरला आणि जागच्या जागी राहिला. दुसरा झोत आला, तिसरा आला. खांबकाका मोकळा हात घेऊन नुसताच उभा. कुठे ठेवावा तेच त्याला कळेना. मग गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

थोड्या वेळानं एक बाई फाटका कोट घेऊन आली. स्टुलाकडे बघून हसली. "काय हो, खांबकाका आज कामावर झोपले की!"

रफूवालीनं मशीन थांबवलं. तो मान खाली टाकून झोपला होता. मूठ मात्र अजून पाइप धरल्यासारखीच वळलेली.

"हळू बोला," ती म्हणाली. "आजच निवृत्त झालेत."