आबांच्या मक्याला राखणदार

आबांच्या शेताभोवती माझ्या अकरा साड्या फडफडत होत्या. त्यातली एक मोठ्या जावेनं दिलेली, भडक मोरपंखी. ती नेसवत नव्हती आणि टाकवतही नव्हती, म्हणून मी ती मुद्दाम रानडुकरांच्या येण्याच्या वाटेवर बांधली होती. डुकरांनी पहिल्याच आठवड्यात तिच्याखालून वाट पाडली. पदराला चिखल लागला. मी फोटो काढून जावेला पाठवला नाही, एवढंच माझं सौजन्य.

आबा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. एरंडोलच्या अलीकडे चार एकर रान, गावात दोन खोल्यांचं घर, आणि आई गेल्यापासून त्या घरात ते एकटे. मी जळगावला शाळेत शिकवते, दरवर्षी गॅदरिंगची नाटकं बसवते, आणि दर दोन दिवसांनी गाडी काढून हायवेची धूळ खात आबांकडे जाते. आदल्या वर्षीच्या माघात मका राखायला आबा मचाणावर झोपले होते. पहाटे उतरताना शिडीवरून पाय सटकला आणि खुब्याचं हाड तडकलं. तीन महिने ते आमच्याकडे जळगावात होते. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत काठी टेकत फेऱ्या मारायचे आणि खालच्या वॉचमनला ओरडून वारा कुठला आहे ते विचारायचे. वॉचमनला वारा माहीत नसायचा. चौथ्या महिन्यात मी शाळेतून आले तर गॅलरी रिकामी. आबा एसटीनं गावी पोचलेसुद्धा होते.

तेव्हा आम्हा दोघांत करार झाला. दिवेलागणीनंतर आबांनी घरात राहायचं, मचाणावर चढायचं नाही. असं असूनही रब्बीचा मका घरात आला, तर मी जळगावचं नाव काढणार नाही. नाही आला, तर शेत वाट्यानं द्यायचं आणि कायमचं माझ्याकडे यायचं.

"झोपसू घरमा," आबा म्हणाले. "मका कोन राखी? तुनी साडी?"

खरं सांगायचं तर मी त्यांच्यासाठी खोली तयार करून ठेवली होती. पडदे शिवले होते, पलंगाची उंची कमी करून घेतली होती. करार जिंकावा की हरावा, हे माझं मलाच ठरवता येत नव्हतं. त्यामुळे मी शाळेत असले की जीव शेतात, आणि शेतात गेले की वाटायचं, चला, परत निघू.

साड्या हरल्यावर मी कुत्र्यावर आले. नाटकवालीच मी, मला पात्र देखणं लागतं. एका ओळखीच्यांकडून मी अस्सल कारवानी कुत्रा आणला. उंच, बारीक कमरेचा, लांब तोंडाचा. गाडीतून उतरला तेव्हा त्याची चाल अशी, की मी स्वतःच टाळ्या वाजवल्या.

आबांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. "हाऊ कुत्रा शे का नवरदेव?"

"आबा, ससा पकडतो हा. वाऱ्यासारखा पळतो."

"पळी. पन मनी मका त्याले दिसी का?"

ससा निघाला तो दुसऱ्याच दिवशी. नवरदेवानं ससा पाहिला आणि तो गेला. बांध, नाला, शेजाऱ्याचा हरभरा, सगळं ओलांडून एका सरळ रेषेत दिसेनासा झाला. ज्याच्या डोळ्यांसमोर काहीतरी पळत असतं, त्याला घर आठवत नाही. दोन गावं पलीकडच्या एका माणसानं त्याला मोटारसायकलवर मांडीशी धरून परत आणलं. मी त्याला मालकाकडे पोचवला आणि येताना गाडी एवढ्या जोरात चालवली की आबांकडे जायचं वळण चुकलं.

त्याच आठवड्यात ठेलारी आले. हे साक्री-पिंपळनेरकडचे मेंढपाळ. दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन खाली उतरतात आणि पाऊस यायच्या आत परत जातात. आबा दरवर्षी त्यांच्या मेंढ्या मोकळ्या तुकड्यात बसवतात. शेताला लेंडीखत मिळतं, त्यांना धान्य. यंदा सोयाबीन निघालेल्या तुकड्यात पाच दिवसांचा तळ पडला. तळाची मुख्य एक बाई होती, साधारण माझ्याच वयाची, हातात चांदीचे जाड गोट, आवाज असा की तीनशे मेंढ्या एका हाकेत वळतील. मी तिला अक्का म्हणायला लागले.

अक्काकडे तीन तरणी कुत्री होती, एकाच वेतातली. आई मेंढ्यांमागची गावठी कुत्री, बाप कुठल्यातरी बागायतदाराचा शिकारी कुत्रा, जो एका रात्रीपुरता तळावर आला होता. तिन्ही कुत्र्यांना बापाचे लांब पाय मिळाले होते. डोकं कोणाचं मिळालं, हे बाहेरून कळत नव्हतं. एक बदामी रंगाचा, ऐटबाज. एक काळी. आणि एक पट्ट्यापट्ट्यांचा, एक कान उभा, एक पडलेला, अंगावर कायम गोखरू चिकटलेले.

माझं मन अर्थातच बदामीवर गेलं. आबा मात्र कामाला लागले. उभ्या आयुष्यात त्यांनी बैल निवडले होते, त्यामुळे जनावर निवडायची त्यांना एकच रीत येत होती. त्यांनी बदामीचे दात पाहिले. पाठीवर हात फिरवून भोवरा शोधला. शेपूट उचलली. मग मला म्हणाले, "चालवी देख त्याले." मी बदामीला दोरी लावून बैलबाजारातल्यासारखी दोन फेऱ्या मारून आणली. तळावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मीही मान ताठ करून चालले. प्रेक्षक मिळाले की मला आवरत नाही.

अक्का म्हणाली, "आबा, नांगरले जुपना शे का त्याले?"

आबांनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून हातावर टाकला आणि हात पुढे केला. बाजारात सौदा असाच होतो: रुमालाखाली बोटं धरायची, भाव दोघांनाच कळतो, बघणारे नुसते चेहरे वाचत बसतात. अक्कानं रुमालाकडे पाहिलं आणि हात पाठीमागे नेले.

"आमी कुत्रा इकतस नही."

"मंग?"

"जठे त्यानं मन लागी, तठे तो राही. आमी निंघसूत तव्हय देखा."

म्हणजे तळ हलेल त्या सकाळी जो कुत्रा मागे राहील, तो आमचा. हे ऐकून माझ्या अंगात संचारलंच. मन लावायचंय ना? मग बघा! पाच दिवस मी बदामीवर प्रेमाचा वर्षाव केला. तुपातली भाकरी, उकडलेलं अंडं, शाळेतल्या वाढदिवसाची बिस्किटं. रोज सहाला उठून जायचे आणि शाळेच्या घंटेच्या आत परतायचे. त्याच्यासमोर उकिडवं बसून मी भाषणंसुद्धा केली. तो अंडं खायचा आणि मेंढ्यांकडे बघायचा.

"तुले कुत्रं जोयजे का जावई?" आबांनी विचारलं. ते स्वतः कुठल्याच कुत्र्याला तुकडा घालत नव्हते. बांधावर बसून मक्याच्या पात्यांकडे बघत होते. मका तेव्हा गुडघ्याएवढा होता. दाणा भरायला अजून दोन महिने होते, पण त्यांचा उजवा पाय सारखा हलत होता. मला तो हलणारा पाय बघवत नव्हता.

सहाव्या दिवशी सकाळी तळ हलला. घोड्यांवर सामान चढलं, कोकरं पिशव्यांत बसली, अक्कानं हाक दिली आणि मेंढ्यांचा लोट निघाला. मी बदामीला "बस, बस" म्हणत हातात अंडं धरून उभी होते. त्यानं अंडं घेतलं. चावत चावतच मेंढ्यांमागे गेला. काळी गेली. पट्ट्यांचा गेला. तिन्ही कुत्री गेली.

अक्का शेवटी निघाली. जाताना तिनं एक लंगडी मेंढी आबांच्या हवाली केली. पुढच्या पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या होत्या. "हाई चालाव नही. ठेवी जास तुमनाकडे. आखाजीले येसूत तव्हय लई जासूत." वाटेत दुखावलेलं जनावर ओळखीच्या शेतकऱ्याकडे ठेवायचं आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, परतताना घेऊन जायचं ही त्यांची नेहमीची रीत, त्यामुळे मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी मात्र भडकले होते. पाच दिवसांची अंडी! आणि पदरात काय, तर मेंढी.

"अक्का, कुत्रा देते म्हणाली होतीस."

"दिधा ना," ती म्हणाली आणि वळून गेली. 

पुढच्या दोन दिवसांत मी वर्गात फळ्यावर एक गणित दोनदा लिहिलं. घरी आबांच्या खोलीतले पडदे काढले, धुतले, परत लावले. तिसऱ्या दिवशी पहिल्या तासालाच आबांचा फोन.

"उना वं, उना!"

"कोण आला?"

"पट्ट्यावाला. मेंढीपाशी बसेल शे."

मी अर्धी रजा टाकली आणि सुटले. पोचले तर मचाणाखाली बांधलेल्या मेंढीपाशी तो एक कान पडलेला, काटेरी, लांब तंगड्यांचा प्राणी आडवा पडला होता. जिभेला फेस, पंजे सोललेले. तळ किती मुक्काम पुढे गेला होता कुणास ठाऊक. तिथे त्याला एक मेंढी कमी भरली आणि ती शोधत तो उलटा आला. माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही. आबांकडेही नाही.

मग अक्काचं बोलणं माझ्या डोक्यात शिरलं. आम्ही बापलेक कुत्र्यात काय आहे ते बघत होतो. तिला माहीत होतं की या जातीच्या मिश्रणातला जो आईवर गेलाय, त्याला राखायला काहीतरी लागतं. मक्यासाठी कुठलाच कुत्रा बसत नाही. मेंढीसाठी बसतो. तिन्हींतला कोणता परत येईल, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. मी बदामीला अंडी चारत होते तेव्हा ती गालात हसत होती, ते आता मला आठवलं.

पण यातून एक भलताच पेच झाला. मका राखायला कुत्रा. कुत्रा टिकायला मेंढी. आणि मेंढी दोनदा दावं तोडून मक्यात शिरली. आता मेंढीपासून मका राखायला कोण?

"मी," आबा म्हणाले. चेहरा असा उजळला होता की मला संशयच आला, दावं त्यांनीच सैल बांधलं असावं.

"करार, आबा!"

"करार दिवेलागणीना शे. दिवसना नही."

दिवसा ते मेंढीपाशी बसू लागले. पायाला हळद लावायची, कामट्या सैल करायच्या. संध्याकाळी तिला मचाणाखालच्या बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात घालायची आणि घरी यायचं. घरी आले तरी चैन नव्हतं. ओट्यावर फेऱ्या चालूच. शेजारी मला फोनवर सांगायचे. मग मीही जळगावात गॅलरीत फेऱ्या मारायचे. दोन ठिकाणी दोघं, एकाच मक्यासाठी.

कणसं भरली आणि डुकरं आली. एका सकाळी आबांनी मला बांधावर हात धरून थांबवलं. आदल्या दिवशी पाणी दिलं होतं, त्यामुळे सऱ्या ओल्या होत्या आणि रात्रीचं सगळं त्यांत उमटलेलं होतं. मोरपंखी साडीखालून आलेले डुकरांचे खूर, सात-आठ तरी. पहिल्या चार ओळींपर्यंत सरळ. मग मचाणाच्या दिशेनं आलेले कुत्र्याचे पंजे, एकेक झेप माझ्या उंचीएवढी. मग खूर सैरावैरा, आणि सगळे माघारी. आबा वाकून पंजांच्या मागे मागे चालत गेले. मीही. पंजे बांधापर्यंत गेले होते, तिथे माती उकरलेली होती, आणि तिथून ते वळले होते. सरळ मेंढीकडे.

"देख," आबा म्हणाले. "परत उना."

ती वळलेली पावलं ते बराच वेळ बघत होते. तडकलेल्या खुब्यानं वाकले होते. मी उठा म्हटलं नाही.

मका घरात आला. दोन ओळी गेल्या असतील, बाकी सगळा आला. मी करार हरले आणि पेढे वाटले, यावर घरच्यांनी माझी पुरेशी थट्टा केली आहे.

पण आखाजी आली आणि परतीच्या वाटेवर अक्का आली. मेंढी आता चारी पायांवर उड्या मारत होती. मी मचाणाशी उभी राहून नखं खात होते. मेंढी गेली की कुत्रा जाणार. कुत्रा गेला की पुढल्या हंगामात आबा पुन्हा मचाणावर चढणार, आणि मी पुन्हा पडदे धुणार.

अक्कानं मेंढीचा पाय दाबून पाहिला. "नीट व्हयना. आबा, लई जास मंग."

आबांनी खांद्यावरचा रुमाल काढला, हातावर टाकला आणि हात पुढे केला.

अक्का हसली. "कुत्रा इकतस नही, सांगेल शे तुमले."

"कुत्रा कोन मांगस?" आबा म्हणाले. "मेंढी तं इकतस ना?"

अक्काचा हात रुमालाखाली गेला. मी दोघांचे चेहरे वाचायचा प्रयत्न केला. आबांच्या भुवया हलल्या, अक्कानं मान झटकली, बोटं पुन्हा पकडली गेली. पट्ट्यावाला मेंढीपाशी बसून एका कानानं ऐकत होता. मग हात सुटले. अक्कानं घोड्यावर मक्याची पोती चढवली, किती ते मी मुद्दाम मोजलं नाही, आणि मेंढी इथेच राहिली.

"कितीला पडली?" मी आबांना विचारलं.

"तुले काय कळस," आबा म्हणाले, आणि रुमाल झटकून खांद्यावर टाकला.

त्या संध्याकाळी निघताना त्यांनी माझ्या गाडीतही मक्याचं एक पोतं टाकलं. तिसऱ्या मजल्यावर ते चढवताना वॉचमनची आणि माझी दमछाक झाली. ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून आबांच्या खोलीत, त्या बुटक्या पलंगावर ठेवलं. पडदे अजून तिथेच आहेत. शनिवारी मी मेंढीसाठी पेंड घेऊन जाणार आहे. कुत्र्यासाठी अंडं नेऊ नको, असं आबांनी बजावलंय.