मोटारी बंद झाल्या आणि व्होल्टेज आलं

ॲम्प्लिफायरची मागची जाळी काढून मी स्टेजच्या मागे उकिडवी बसले होते. एका हातात मल्टीमीटर, तोंडात टॉर्च. मीटर एकशे पासष्ट व्होल्टच्या वर सरकायला तयार नव्हता. पलीकडे मंडप भरत आला होता आणि माझ्या डोक्यावर भगवान मास्तर उभे होते.

"ताई, आवाज का येईना?"

"येतोय की," टॉर्च तोंडातून काढून मी म्हणाले.

"येतोय, पण आजारी मानसागत येतोय."

मास्तरांचं खरं होतं. बेस गिटारचा जो आवाज नगरच्या माझ्या दुकानात छातीवर हात ठेवल्यासारखा लागत होता, तो इथं मिरजगावजवळच्या वस्तीवर धापा टाकत होता.

आधी कामाचं सांगते. मी ॲम्प्लिफायर दुरुस्त करते. आयटीआय केलं, एमआयडीसीत काही वर्षं नोकरी केली, मग नवऱ्याच्या लाउडस्पीकरच्या दुकानात बसले. तो भाड्याचं बघायचा आणि मी सोल्डरिंगचं. गोष्ट सहा-सात वर्षांपूर्वीची. तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली होते, म्हणजे अक्कल यायला भरपूर वेळ मिळालेला होता. पण तेव्हाची मी म्हणजे काय विचारू नका. गिऱ्हाईक बोलायला लागलं की डोळे मिटून मान हलवायची आणि म्हणायची, "आवाज कळायला कान लागतो." आता कुणी माझ्यासमोर असं म्हणालं तर मी त्याला पाणी प्यायला देईन.

माझं वेड म्हणजे व्हॉल्व्ह. हल्लीची पोरं ट्यूब म्हणतात. काचेची छोटी बाटली असते, आत तार तापते, आणि ती तापली तरच आवाज मोठा होतो. जोरात वाजवलं की व्हॉल्व्ह आवाजाच्या कडा तोडत नाही, वळवतो. ऐकायला गोड लागतं, हे खरंच आहे, त्यात माझी चूक नव्हती. उलट बाजूला डिजिटल प्रोसेसर. चपलांच्या खोक्याएवढी पेटी, आत कॉम्प्युटर. बटण दाबलं की या ॲम्प्लिफायरची नक्कल, पायानं पुढचं बटण दाबलं की त्या ॲम्प्लिफायरची नक्कल. पिशवीत घालून एसटीनं नेता येते. मी तिला खेळणं म्हणायची.

वैशालीकडे अशी एक जुनी, सेकंडहँड पेटी होती. ही एकवीस-बावीस वर्षांची पोरगी, नगरला आपल्या सख्ख्या मावशीकडे राहून कॉलेजात शिकलेली, आणि कॉलेजच्या ग्रुपमध्ये बेस वाजवायला लागलेली. बेस म्हणजे चार जाड तारांचा गिटार. तो वाजतोय हे लोकांच्या लक्षात येत नाही. थांबला की येतं, गाणं पोकळ होतं. तिचे आईबाप दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर जायचे. कॉलेज संपलं तसं घरून निरोप आला, या वर्षी तूही चल, एक हात वाढेल. ती म्हणाली, मला मास्तरांच्या पार्टीत काम मिळतंय.

मिळतंय म्हणजे अजून मिळालं नव्हतं. भगवान मास्तरांची भीमगीतांची पार्टी होती, तालुक्यात नाव होतं. मास्तरांचं म्हणणं, बेसला वेगळा माणूस कशाला? कीबोर्डवाल्याचा डावा हात रिकामाच असतो. तरी पोरगी मागे लागली म्हणून ते म्हणाले, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात वाजव. लोकांना काय वाटतं बघू, मग सीझनचं ठरवू.

ती माझ्याकडे आली होती पेटीचं एक बटण चिकटत होतं म्हणून. मी बटण दुरुस्त केलं आणि तिला सोडलं नाही. मी स्वतः बनवलेला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर पुढ्यात ठेवला. ट्रान्सफॉर्मरसुद्धा माझ्या हातानं वाइंड केलेला.

"वाजव यावर."

तिनं वाजवलं.

"आता त्या खेळण्यावर वाजव."

तिनं तेही वाजवलं.

"बोल, कोणता?"

"दोनी चांगलेत मावशी. पन पेटीला वजन न्हाई. मला टेम्पो लागनार न्हाई."

"आवाज उचलायचा असतो का ऐकायचा असतो गं?"

ती हसली. मला वाटलं, पटलं. आता वाटतं, मोठ्या बाईपुढं दुसरं काय करणार. मी तर तिथं थांबलेही नाही. म्हटलं, ॲम्प्लिफायर मी देते, टेम्पो माझा, मी स्वतः येते. आणि ती पेटी? "राहू दे इथंच. जवळ असली की हात तिकडे जातो." असं म्हणून मी पेटी दुकानाच्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. कुलूप, बरं का! जसं काही ती पोरीला नादाला लावणार होती.

तर आता पुन्हा स्टेजच्या मागे. एकशे पासष्ट व्होल्ट.

माझ्या दुकानात स्टॅबिलायझर आहे. बाहेर काहीही होवो, टेबलावर दोनशे तीस. इतकी वर्षं त्या दोनशे तीसवर बसून माझी समजूत झाली होती की वीज अशीच असते. व्हॉल्व्हला वीज कमी पडली की आतली तार अर्धीच तापते आणि आवाज मरतो. पेटीचा ॲडॉप्टर शंभरपासून दोनशे चाळीसपर्यंत काहीही चालवून घेतो, तसं त्यावर छापलेलंच असतं. मी ते दुकानात वाचलं होतं आणि त्यावर विनोदही केला होता.

मंडपवाल्या दादांनी आतून डोकं काढलं. "बाई, आठ वाजूंद्या. आत्ता डीपीवर शेतातल्या मोटारी चालू हायेत. थ्री फेज गेली, मोटारी बंद झाल्या, की येतंय व्होल्टेज. लई येतंय." डीपी म्हणजे वस्तीला आणि शेतांना वीज देणारा खांबावरचा ट्रान्सफॉर्मर.

मास्तर म्हणाले, "आठपर्यंत थांबता येणार नाही ताई. पाहुणे आलेत. ठेवू का बेस बाजूला? कीबोर्डवर भागवतो."

वैशाली शेजारीच उभी होती, बेस गळ्यात. तिनं माझ्याकडे बघितलं.

"थांबायची गरज नाही," मी म्हणाले. "मी आहे ना."

काय केलं ते सांगते. माझ्या ट्रान्सफॉर्मरला तीन टॅप आहेत, म्हणजे आत येणारी वीज जोडायच्या तीन जागा. एक दोनशे चाळीस व्होल्टची, एक दोनशे दहाची, एक एकशे ऐंशीची. मी वायर काढून एकशे ऐंशीवर जोडली. आता कमी विजेतही व्हॉल्व्ह पूर्ण तापणार. यात काहीच चुकीचं नाही. फक्त वीज वाढायच्या आत वायर परत वर न्यायची. मोटारी आठला बंद होणार हे मला सांगितलेलं होतं. म्हणजे आठच्या आधी भाषण चालू असताना मागे जायचं, बंद करायचं, वायर बदलायची. दोन मिनिटांचं काम.

व्हॉल्व्ह तापले. वैशालीनं तार छेडली आणि मास्तरांच्या भुवया वर गेल्या.

"आयला," ते म्हणाले. "हे वेगळंच आहे की."

पहिलं गाणं सुरू झालं. ढोलकी, ऑक्टोपॅड आणि खालून तो बेस. पोरगी काय वाजवत होती! उगाच बोटं नाचवणं नाही, मोजके सूर, पण प्रत्येक सूर गाण्याला खालून उचलून धरणारा. पुढच्या रांगेतल्या बायका पायानं ठेका धरायला लागल्या. मी स्टेजच्या मागे बसायला हवं होतं. मी मंडपाच्या मध्यावर जाऊन उभी राहिले. का, तर तिथून आवाज नीट ऐकू येतो.

डोळे मिटले. मान हलवली.

पाहुण्यांचं भाषण आलं आणि गेलं. त्या वेळात मी शेजारच्या एका गृहस्थांना व्हॉल्व्ह म्हणजे काय ते समजावत होते. त्यांनी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या गाण्याच्या मधल्या कडव्यात वैशालीनं एक लांब, खालचा सूर धरला, आणि मंडपातून टाळ्या आणि शिट्ट्या उठल्या. पोरं ओरडली. माझा ऊर भरून आला. मला वाटलं, बघा, खेड्यातल्या माणसालाही कळतं. कान लागतो म्हणतात तो हा.

डोळे उघडले तर सगळा मंडप पांढराफटक. मघापासून पिवळे पडलेले हॅलोजन लखलखत होते. टाळ्या त्यांना होत्या. मोटारी बंद झाल्या होत्या.

मी पळाले. पन्नाशीची बाई साडीत जितकी पळेल तितकी. खुर्च्यांमधून, पोरांमधून, कुणाच्या तरी पायावर पाय देत. बेसचा आवाज ऐकता ऐकता वाढत चालला होता, फुगत होता. जाळीतून दिसलं, व्हॉल्व्हच्या आतल्या पट्ट्या लाल झाल्या होत्या, चुलीतल्या निखाऱ्यासारख्या. हात स्विचकडे गेला आणि आत कपॅसिटर फुटला. सुतळी बॉम्बसारखा आवाज, पांढरा धूर, जळका वास. मग फ्यूज गेला. फ्यूजला उशिरा जागं व्हायची सवय असते, माझ्यासारखीच.

पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "दिवाळी आली वाटतं!" लोक हसले. सगळे वैशालीकडे बघून हसले, कारण धूर तिच्या मागून येत होता.

मास्तर गात राहिले. मुरलेला माणूस. कीबोर्डवाल्यानं डावा हात टेकवला. मी कशीबशी वैशालीची वायर सरळ मिक्सरला जोडली. त्यातून आला तो आवाज म्हणजे पत्र्याच्या डब्यात खडे. मिक्सरवाल्यानं तो हळूच खाली घेतला. मला ते दिसलं. तिलाही दिसलं. तरी ती कार्यक्रम संपेपर्यंत वाजवत उभी राहिली, एकदाही ताल न चुकवता, आणि कुणाला काही ऐकू आलं नाही.

तिची पेटी नगरला माझ्या कपाटात होती. किल्ली माझ्या कमरेला.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं मास्तरांच्या घरी गेले. म्हटलं, चूक माझी आहे. टॅप मी बदलला, परत मी नेला नाही, पोरीचा काही संबंध नाही.

मास्तरांनी चहा दिला. म्हणाले, "ताई, माझ्या ध्यानात आलं ते. पोरगी चांगली वाजवते हेही आलं. पण मंडपातल्या लोकांना तुमचा टॅप दिसत नाही, पोरगी दिसते. पुढच्या गावचे लोक काल तिथंच बसलेले होते. म्हणाले, ती धुरवाली पोरगी आणू नका."

"मी समजावते त्यांना."

"काल एकाला समजावलं म्हणे तुम्ही. तो माझा मेव्हणा होता."

चहा प्याले आणि निघाले.

दिवाळीनंतर वैशाली टोळीबरोबर गेली. मला फोनवर एवढंच म्हणाली, "मावशी, माजी पेटी नीट ठिवा." मी म्हटलं, पाठवून देऊ का? ती म्हणाली, "कोपीत कुठं ठिवू? आन वाजवू कवा?" कोपी म्हणजे उसाच्या फडाजवळची पाचटाची झोपडी. सगळा हंगाम ती पेटी माझ्या कपाटात राहिली. ते कपाट मी रोज सोल्डर काढायला उघडायची.

उन्हाळ्यात ती आली. हात कातळासारखे झालेले, अंगठ्याला कोयत्याचा घट्टा. राहुरीकडच्या एका पार्टीनं बोलावलं होतं, लग्नांच्या ऑर्डरी होत्या. पेटी काउंटरवर ठेवून तिनं बेस जोडला आणि वाजवून बघितला. बोटं आखडली होती, चुकत होती, ती परत परत तेच वाजवत होती. मला राहवलं नाही.

"दे, एकदा आतून साफ करून देते."

तिनं पेटीवर हात ठेवला. रागानं नाही, पण ठेवला.

"नको मावशी. उघडू नका. चालतीय ती."

गेली. आता राहुरीच्या पार्टीत ती बेस वाजवते, तीच पेटी वापरते असं ऐकते. बिघडली तर कुणाकडे नेते ते माहीत नाही. माझ्याकडे आणत नाही.

मी अजून व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर बनवते. आवाजाबद्दलचं माझं मत तेच आहे, ते काही बदललेलं नाही. पण टेबलावरचा स्टॅबिलायझर काढून टाकलाय. त्या जागी व्होल्टेज हवं तसं वर-खाली करणारा डिमरस्टॅट बसवलाय, आणि प्रत्येक ॲम्प्लिफायर आधी एकशे साठवर रडवते, मग दोनशे साठवर घाबरवते, मगच बाहेर देते. नवीन पोरगा आला आणि "मावशी, ट्यूब घेऊ का डिजिटल?" म्हणाला, की डोळे उघडे ठेवून त्याला विचारते, वाजवणार कुठं? गाव कोणतं? त्या डीपीवर मोटारी किती? पोरांना वाटतं म्हातारी जरा भ्रमिष्ट झालीय. असू दे. कोणता आवाज चांगला हे मला तेव्हाही कळत होतं. मंडपात लोकांपुढं उभं कोण राहणार आहे, एवढंच कळत नव्हतं.