छोट्या ट्रकचं बॉनेट

माझ्या टेबलावर वीतभर लांबीचा ट्रक आहे, पुढे लांब नाक असलेला, जुन्या धाटणीचा. तो मीच बनवला. बाकीच्या ट्रकपेक्षा बॉनेटच्या दोन बिजागऱ्यांनाच जास्त वेळ लागला. इंजेक्शनच्या सुईचे बारीक तुकडे कापायचे आणि त्यांतून तार ओवायची, एवढंच ते काम. पण तार सैल असली की बॉनेट धपकन पडतं आणि घट्ट असली की उघडताना रंग खरवडला जातो. शेवटी पकडीने सुई किंचित चेपली, तेव्हा कुठे ते उघडलं की उघडंच राहू लागलं.

"आत इंजिनच नाही, मग उघडायचं कशाला?" बायकोने विचारलं. पण उघडणारी वस्तू दिसली की माणूस वाकून आत बघतोच. डबा असो, पेटी असो की नव्या घरातलं कपाट, आत काही नाही हे ठाऊक असलं तरी.

काल शेजारचे तात्या आले. त्यांनी आयुष्यभर ट्रक चालवला. माझा ट्रक हातात घेऊन त्यांनी फिरवून पाहिला आणि नखाने बॉनेट उचललं. उचलताना तोंड चटकन बाजूला वळवलं, तापलेल्या इंजिनची वाफ अंगावर येऊ नये म्हणून.

मग आत पाहिलं. रिकामंच होतं. तरी बॉनेट तसंच उघडं ठेवून त्यांनी ट्रक टेबलावर ठेवला.

"निवू दे जरा," म्हणाले आणि चहाचा कप उचलला.