मी बसत नाही

मातालेना माझी भाचेसून. तिच्याइतकी बारीक चटई सवाई बेटावर कुणी विणत नाही, आणि हे मी तिला कधी तोंडावर सांगितलं नाही. विणघरात सगळ्यात थोरली मी. तिथे बायका मांडी घालून विणतात. पाय पसरणं म्हणजे समोरचीचा अपमान. म्हातारीने पसरले तर वर चटईचा तुकडा झाकायचा. तो मान एकट्या माझा.

गेल्या वर्षी मातालेनाचा गुडघा दुखायला लागला, वाटीच्या अवतीभवती. हातातली केवड्याची पात टाकून ती गुडघा चोळत राहायची. मी म्हणाले, "विणायला येतेस की बसायला?" बायका हसल्या. ती हसली नाही.

इस्पितळात व्यायाम शिकवणारी लेउता होती, ऑकलंडला वाढलेली. तिने मातालेनाला एका पायावर वाकायला लावलं, पायरी उतरवली, वाटी दाबून पाहिली. म्हणाली, "मांडी आणि कंबर कमजोर, म्हणून गुडघा आत वळतो. दिवसातून किती वेळ बसता?"

"मी बसत नाही."

मी शेजारीच होते. मला बरंच वाटलं.

लेउताने कुशीवर झोपून पाय उचलायचा व्यायाम दिला. वर सांगितलं, "मळ्याची चढण बंद. बसून होतील ती कामं करा."

झालं. मळा सुटला, बाई दिवसभर चटईवर. दोन महिन्यांत चर्चच्या पायऱ्या आडवी पावलं टाकत उतरू लागली.

पुन्हा नेलं तेव्हा मी तोंड उघडलं. "ही सहा-सहा तास मांडी घालून विणते."

"मग बसत नाही कसं म्हणाली?"

"आमच्यात विणण्याला बसणं म्हणत नाहीत गं."

पोरीने कपाळाला हात लावला. वाटीवर चिकटपट्टी लावली, व्यायाम वाढवले. आणि तीन महिने मांडी बंद. खुर्ची, नाहीतर पाय सरळ.

विणघरात मातालेनाने तसं बसू का म्हणून विचारलं, तशी विणणाऱ्यांतली फेतूची आई म्हणाली, "खुर्ची? आमच्या डोक्यावर बसणार होय? आणि पाय पसरायला म्हातारी झालीस का?" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. माझे पाय चटईखाली पसरलेलेच होते. मी पात सोलत राहिले.

तिने आपल्या पाती गुंडाळल्या आणि गेली.

गुडघा सुधारला. व्यायाम एक दिवस चुकवला नाही तिने. आता मळ्यात चढते, घरीच पाय लांब करून विणते. विणघरात तिच्या जागेवर दुसरी आली. तिची वीण बघवत नाही.

परवा मी माझा पाय झाकायचा तुकडा तिच्या लेकीबरोबर पाठवला. म्हटलं, "आईला सांग, हा घे आणि माझ्याशेजारी येऊन बस."

संध्याकाळी तुकडा परत आला, नीट घडी घातलेला.

"आई म्हणाली, आत्याबाईंना सांग, मी बसत नाही."