दुसरं बस्कर

मॅटाडोर भरून बायका, दोन सतरंज्या, एक ढोलकी आणि तर्री-पोह्यांचं हे एवढं पातेलं घेऊन मी एकदा एका बाईचा एकटेपणा घालवायला रामटेकच्या गडावर गेले होते. हसा, हसा. मीही हसते. पण तेव्हा मी तिशीची होते आणि नागपुरातली सगळ्यात समजूतदार बाई आपणच, अशी माझी पक्की खात्री होती. जिच्यासाठी हा लवाजमा नेला ती माझी मोठी जाऊ, इंदूबाई. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी बोलल्या, एकच वाक्य. ते मी टोमणा समजले आणि त्यावर चाळीसेक वर्षं रुसून बसले. ते वाक्य शेवटी सांगते. आत्ताच सांगितलं तर तुम्ही पान उलटून राशिभविष्याकडे जाल. मला ठाऊक आहे, मीही तेच करते.

बाईंना जाऊन आता दीड महिना होईल. सकाळी सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, निवडत बसले होते, तेवढ्यात त्यांच्या सुनेचा, मंजिरीचा फोन आला. "काकू, आई गेल्या." आणि मी काय विचारलं असेल? "एकट्याच?" ...पलीकडे पोर रडत होती आणि इकडे माझ्या डोळ्यांपुढे कापडी पिशवी खांद्याला लावून जिना उतरणाऱ्या बाई. काय करू, आमच्या घरात 'बाई गेल्या' याचा इतकी वर्षं एकच अर्थ होता. महिन्यातून एकदा, सकाळच्या एसटीने, रामटेकला.

आमचं घर लकडगंजात होतं. खाली सासऱ्यांचा लाकडाचा डेपो आणि आरा मशीन, वर आम्ही. सकाळी चहा उकळायच्या आत आरा सुरू व्हायचा, तो दिवेलागणीला थांबायचा. सागाचा ओंडका कापताना त्याचा एक आवाज, बाभळीचा दुसरा. मी लग्नानंतर वर्षभरात डोळे मिटून ओळखायला लागले. घरातली सगळी माणसं किंचाळून बोलायची. प्रेमानेसुद्धा किंचाळूनच. सुटीच्या दिवशी मशीन बंद असायची, पण त्या दिवशी पुरुष घरी असायचे, म्हणजे उन्नीस-बीस तेच. मला त्याचं काही वाटायचं नाही. मी सीताबर्डीतली, चार बहिणींत वाढलेली, एकटी कधी खोलीत झोपले नव्हते. माझ्या हिशेबी शांतता म्हणजे कुणीतरी आजारी आहे किंवा कुणीतरी चिडलं आहे.

बाईंचं माहेर रामटेकजवळच्या धानाच्या गावचं. त्यांचे आईवडील लवकर गेले, भाऊ भिलाईला गेला, माहेर संपलं. गड तेवढा राहिला. त्यांनी सासूबाईंना सांगून ठेवलं होतं की रामाला नवस बोलले आहे, दर महिन्याला पायी चढून यायचं आणि एकटीनेच. नवसापुढे सासूबाईंचं काही चालायचं नाही. एरवी भाजीत मीठ किती घालायचं याचाही निवाडा करणारी ती बाई त्या दिवशी स्वतः म्हणायची, "जाय वं लवकर, बस चुकन." संध्याकाळी बाई परत यायच्या ते पदरात शिंगाडे घेऊन, सीताफळांच्या दिवसांत सीताफळं. पायांवर लाल धूळ. आणि चेहरा असा, जसं कुणीतरी आतून झाडून-पुसून ठेवलंय.

मला मात्र त्यांची दया यायची! बिचारी, कुणी सोबतीला नाही, डब्यात दोन पोळ्या, त्याही माकडांच्या भीतीने लपवून खात असेल. कॉलेज शिकलेली मी, मला वाटायचं की या बाईला मन मोकळं करायला माणूस पाहिजे. मग मी आमच्या भिशीच्या बायका जमवल्या. गुपचूप. बाई सकाळच्या बसने गेल्या आणि आम्ही मागून मॅटाडोरने निघालो. गडाखालच्या अंबाळा तलावाच्या बाजूने पायऱ्या चढताना पातेलं दोघी-दोघी पाळीपाळीने उचलत होतो. एका माळणीने सांगितलं की ती मोठ्या कुंकवाची बाई ना, ती वरपर्यंत जाऊन रामाला हात जोडते आणि मग उतरताना अर्ध्यातून पायऱ्या सोडून बाजूच्या पायवाटेला लागते. सीताफळीच्या झुडपांतून आम्ही साड्या सावरत गेलो, आणि पुढे एक रुंद, सपाट कातळ. त्यावर पाठमोऱ्या बाई. नुसत्या बसलेल्या. जपमाळ नाही, पोथी नाही, हातात काही विणकाम नाही. खाली अंबाळ्याचं पाणी, पलीकडे धानाची शेतं, बांध्याच बांध्या. मी मागून जाऊन जोरात ओरडले, "सरप्राइज!"

त्यांनी वळून पाहिलं. तो चेहरा मी आज विसरायला पाहते, पण जमत नाही. दार वाजल्यावर अंघोळीतून अर्धवट उठावं लागलेल्या माणसाचा असतो तसा. मग लगेच त्यांनी तो आवरला, उठल्या, पदर खोचला आणि सगळ्यांना पोहे वाढायला घेतले. आम्ही ढोलकी वाजवली. भेंड्या लावल्या. माकडांनी अर्धं पातेलं पळवलं, एकाने आमच्या भिशीच्या अध्यक्षीणबाईंचा चष्मा नेला आणि तो फांदीवर बसून स्वतःला लावून पाहिला. त्या गोष्टीवर आमची भिशी पुढे कितीतरी वर्षं जगली. बाई हसत होत्या. मला वाटलं, पाहा, किती खूश आहे! आज ती तिशीतली शशी, म्हणजे मीच, मला भेटली ना, तर तिच्या हातातली ढोलकी काढून तिच्याच डोक्यात घालेन.

त्या संध्याकाळी ते वाक्य झालं. मी रुसले. रुसवा म्हणजे बोलणं बंद नव्हे हो. आम्ही एकमेकींची बाळंतपणं काढली, सासूबाईंचं दुखणं काढलं, वाटण्या झाल्या तेव्हा भावाभावांनी तोंडं फिरवली आणि आम्ही दोघी मात्र मागच्या जिन्यात बसून चहा पीत होतो. फक्त गडाचं नाव मी काढायचं नाही, असं ठरवून टाकलं. बाई दर महिन्याला निघायच्या. पिशवी खांद्याला लावून दारात चप्पल घालायला थांबायच्या. फार वेळ थांबायच्या. एक पाय घालायचा, पट्टा नीट करायचा, दुसरा घालायचा, पुन्हा पहिला काढून खडा झटकायचा. मी भाजी चिरत असायचे, मान वर करायची नाही. वर म्हणायचे, "बाई, चप्पल घालताय की चांभाराकडे शिकताय? बस चुकन!" मग पावलं जिना उतरून जायची. आणि मी मनात म्हणायचे, बोलावलं असतं तर गेले नसते का? एकदा नीट बोलवायला काय जातं हिचं!

पुढे आरा मशीन विकली, डेपोच्या जागी इमारत झाली, आम्ही पांगलो. बाईंच्या गुडघ्यांनी संप केला तेव्हा त्या सत्तर ओलांडून गेल्या होत्या. गड सुटला. मी मेट्रोने त्यांना भेटायला जायचे. दिवाळीच्या आधी गेले ती शेवटची भेट. पलंगावर पडून होत्या, आवाज बारीक झालेला, डोळे मात्र तेच. मी सहज विचारलं, "बाई, आता तरी सांगा, तो नवस कशाचा होता?"

"कशाचा नवस वं!" त्या हसल्या, हसताना खोकला आला. "बुढीले काय सांगू, चूप बसाले जाऊन राह्यली म्हणून? तिनं डॉक्टर बोलावला असता घरी."

"म्हणजे नवस नव्हताच? मग इतकी वर्षं तिथे करत काय होता?"

"काही नाई. तेच तं!" मग म्हणाल्या, "तुले नाई जमत नं वं, चूप बसणं?"

"न जमायला काय झालं!" असं म्हणून मी किती शांत बसू शकते हे त्यांना पुढचा अर्धा तास समजावून सांगितलं... निघताना उठले तशा त्या हळूहळू भिंतीकडे सरकल्या, आणि मोकळ्या झालेल्या चादरीवर हात ठेवून म्हणाल्या, "बस नं थोडी." मी म्हटलं, "आता नाही, मेट्रोला गर्दी होते, पुढच्या आठवड्यात येते, मग बसू." पर्स उचलली आणि निघाले. पुढचा आठवडा आला. बाई नव्हत्या.

तेरवीनंतर मंजिरीने मला आत बोलावलं आणि ती कापडी पिशवी हातात ठेवली. "काकू, ही तुम्हीच घेऊन जा." आत पाण्याची बाटली, माकडांसाठी ठेवलेली छोटी काठी आणि जुन्या लुगड्यांची, हाताने शिवलेली दोन बस्करं. एक पार विटलेलं, मधोमध झिजून सूत निघालेलं. दुसरं कोरं. त्याला काठ लावला होता तो पोपटी. माझ्या साडीचा. ती साडी मीच जुनी झाली म्हणून त्यांना पोछ्यासाठी दिली होती, त्या ढोलकीच्या पराक्रमानंतर थोड्याच दिवसांनी. मी विचारलं, दोन कशाला? मंजिरी म्हणाली, "मी पण विचारायची. आई दोन्ही न्यायच्या. हे तर कधी मळलंच नाही, तरी दर दिवाळीत धुवून वाळवून पुन्हा पिशवीत ठेवायच्या."

मी त्या पलंगावर बसले. भिंतीकडची जागा सोडून. चप्पल घालायला लागणारा तो वेळ मला तेव्हा कळला. इतकी वर्षं एक बाई दारात उभी होती, आणि मी गिलके चिरत होते.

गेल्या पंधरवड्यात मी गडावर गेले. जाते म्हटल्यावर मुलगा म्हणाला, "आई, एकटी कशाला? रविवारी गाडी काढतो, सगळेच जाऊ. वाटेत नाश्ता करू, पोरं येतील, मजा येईल." सूनबाईंनी तर पोह्यांचंसुद्धा नाव काढलं. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. किती गोड लोक आहेत हे, आणि माझं कोण ऐकणार! मग मी गंभीर चेहरा केला आणि म्हटलं, "नवस आहे." मुलाने एसटीची वेळ विचारली. बाई, तुमची युक्ती अजून चालते बरं का!

एसटीने गेले. अंबाळ्यापर्यंत ऑटो, मग पायऱ्या. दर थोड्या पायऱ्यांवर बसत, धापा टाकत, माकडांना बाईंची काठी दाखवत. वरपर्यंत काही पाय पोचले नाहीत. रामाला अर्ध्यातूनच हात जोडले, त्याला सवय असेल. पायवाट बुजली होती, पण कातळ तिथेच. मी दोन्ही बस्करं अंथरली. विटलेलं त्यांच्या जागी, पोपटी काठाचं शेजारी, आणि त्यावर मी. पहिली काही मिनिटं मी एका माकडिणीशी बोलले, खोटं कशाला सांगू. मग तीही कंटाळून गेली. बांध्यांतलं धान कापून झालं होतं, पेंढ्यांचे पुंजणे रचले होते, दुरून कुणीतरी बैलाला हाक मारत होतं. कानात इतकी वर्षं साठलेला आरा आधी आणखी मोठा झाला, आणि मग, केव्हा ते कळलं नाही, कुणीतरी खालून बटण बंद केल्यासारखा थांबला. वाऱ्याने विटलेल्या बस्कराचं टोक उचललं, मी ते हाताने दाबून धरलं. बराच वेळ. उन्हं कातळावरून खाली उतरली तरी मी हात काढला नाही. बाईंना सांगायचं होतं की मी बोलत नाहीये, पाहा, किती वेळ झाला... पण ते सांगायलाही बोलावं लागलं असतं.

ती पिशवी आता माझ्या दाराच्या खुंटीला आहे. दोन्ही बस्करं तिच्यातच.

हां, ते वाक्य. मॅटाडोर आम्हाला सोडून गेली होती, आरा थांबला होता. बाई मोरीत पोह्यांचं पातेलं घासत होत्या आणि मी मागे उभी राहून त्या माझी तारीफ केव्हा करतात याची वाट पाहत होते. त्यांनी मान वर केली नाही, हात थांबवला नाही. त्या बोलल्या त्यातली ढोलकी तेवढी मला लागली. पुढचं कानावर पडलं, पण मी ऐकलंच नाही. त्या म्हणाल्या होत्या,

"शशे, पुढच्या बारीले ढोलकी घरी ठेव अन् एकटी ये वं. मी सरकून बसीन."