डोक्याला किती शब्द

गोदीच्या फाटकासमोर त्याचं दोन खुर्च्यांचं सलून होतं. बोटीवरची माणसं किनाऱ्याला लागली की आधी केस कापायला यायची. पंचवीस वर्षांत निम्म्या जगाची डोकी आपल्या हाताखालून गेली, असं तो म्हणायचा, आणि ते फारसं खोटं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या भाषेतला एकच शब्द तो विचारून घ्यायचा, डोक्याचा. तो बोलायचा आणि हाताने खूण करायची, की काम भागलं. हे शब्द लिहायला आरशामागे एक वही खोचलेली असे.

एका वर्षी एक मालवाहू बोट यंत्र बिघडल्यामुळे तीन महिने गोदीत अडकून पडली. तिच्यावरचे अधिकारी क्रोएशियाचे आणि खलाशी जावा बेटाचे. एका थट्टेखोर खलाशाने पहिल्याच दिवशी त्याला जावातला शब्द दिला, "एंडास." त्याने लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी बोटीवरचा म्हातारा आचारी आला. सगळे खलाशी त्याला काका म्हणायचे, तो आत येताच उठून उभे राहायचे. न्हाव्याने अर्धे केस कापले आणि मान वाकवायची खूण करत मोठ्या हौसेने म्हणाला, "एंडास!"

बाकावरच्या खलाशांनी माना खाली घातल्या. काकांनी गळ्याभोवतीचं कापड स्वतः सोडलं, त्याची नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि अर्ध्या कापलेल्या डोक्याने निघून गेले.

"अरे, मी म्हटलं तरी काय?" न्हाव्याने विचारलं.

बंदराच्या मोडक्यातोडक्या बोलीत एक खलाशी म्हणाला, "ते बकऱ्याला असतं. आपल्यातल्या आपल्यात चिडलो की म्हणतो. माणसाला सिराह. आणि काकांसारख्याला मुस्तॉकॉ."

न्हाव्याने कपाळावर हात मारला. म्हणजे आपण त्या भल्या माणसाला 'टाळकं खाली कर' म्हणालो! रात्रभर तो तळमळला. सकाळी कात्री-कंगवा पिशवीत टाकून बोटीपाशी गेला, काकांसमोर हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "मुस्तॉकॉ."

काका पोट धरून हसले. उरलेले केस तिथेच, धक्क्यावरच्या खोक्यावर बसवून कापले गेले.

पण त्याच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. एका वस्तूला तीन-तीन शब्द कशाला? तो रोज काकांना काहीबाही विचारू लागला. घर, पाणी, झोप, सगळ्याचं तेच. समोर कोण आहे त्यावर शब्द ठरायचा. खाण्याला बरोबरीच्यांत मांगान, अदबीने नेडॉ आणि वडीलधाऱ्यांसाठी डहार. आता चूक नको म्हणून त्याने सगळ्यांत वरचा शब्दच धरून ठेवला. काकांनी "जेवलास का?" विचारलं तेव्हा तो ऐटीत म्हणाला, "डहार!"

काका पुन्हा हसत सुटले. "तो दुसऱ्याला द्यायचा शब्द. स्वतःला नाही लावायचा." आपण नुकतंच 'आम्ही भोजन ग्रहण केलं' असं सांगितलं, हे त्याच्या लक्षात आलं.

क्रोएशियाच्या इंजिनिअरची गत निराळी. हा माणूस कप्तानाचंही डोकं म्हणे आणि बकऱ्याचंही, शब्द तोच. फक्त तो शब्द एका जागी ठरत नव्हता. डोकं दुखतंय म्हणताना ग्लावा, खाली करताना ग्लावू, डोक्यावर टोपी असली की ग्लावी. न्हाव्याने वहीत तिन्ही वेगळे लिहिले आणि विचारलं, "यातला मानाचा कुठला?"

"मानाचा कुठलाच नाही. शेपूट बदलतं. डोकं काय करतंय, त्याच्यावर."

"म्हणजे डोकं, डोक्याला, डोक्यावर!" न्हावी ओरडला. कंगवा हातातून पडला.

त्याची थोरली बहीण कॉलेजात भाषा शिकवायची. रविवारी वही घेऊन तो तिच्याकडे गेला. "ताई, क्रोएशियात दोनला द्वा, धुराला दिम. जावात मस्तकाला मुस्तॉकॉ. दोन्ही आपल्यासारख्या. म्हणजे या दोघी बहिणी ना?"

ताईने चष्मा लावून पानं चाळली. "नाही रे. क्रोएशियाची आपल्या नात्यातली, पार लांबची चुलत बहीण. जावाची आपल्या नात्यातली नाहीच. तिने मुस्तॉकॉ संस्कृतातून उसना नेलाय, शेजारणीने विरजण न्यावं तसा. त्या दोघींची एकमेकींशी सोयरीक नाही."

त्याचा चेहरा पडला. ताईने चहा पुढे सरकवला. "पण तीन महिन्यांत एवढं टिपलंस? माझे विद्यार्थी वर्षभरात टिपत नाहीत."

पुढच्या आठवड्यात काकांना घरून फोन आला आणि ते पळतच सलूनमध्ये शिरले. "पुतु!" पुतु म्हणजे मुलाचं नाहीतर मुलीचं मूल.

"वा! नातू की नात?"

"पुतु," काका म्हणाले. मुलगा की मुलगी हे त्या शब्दात नव्हतंच, आणि आनंदात विचारायचं राहून गेलं होतं. इंजिनिअर खुर्चीतूनच म्हणाला, "आमच्यात हे लपवताच येत नाही. शब्दाच्या शेवटीच कळतं."

बोट दुरुस्त होऊन गेली. काकांनी जाताना आपल्या हाताने शिजवलेला भात आणून दिला. सलूनमध्ये काही दिवस फार शांत वाटलं.

सहा महिन्यांनी दुसऱ्या एका बोटीवरची अधिकारी आत आली. बाई होती, क्रोएशियाची. मानेपर्यंत केस आखूड करून हवे होते. या दुकानात बाई कधी आलीच नव्हती. न्हावी गोंधळला, पण इंजिनिअर रोज दारातून शिरताना म्हणायचा तो शब्द त्याला पाठ होता, थकलेल्या माणसाचा. तो अदबीने म्हणाला, "उमोरान?"

"उमोर्ना," ती हसून म्हणाली.

न्हाव्याने कात्री खाली ठेवली. थकलो आणि थकले! इतकी वर्षं खुर्चीत फक्त पुरुष बसले, म्हणजे वहीत अर्धीच भाषा उतरली होती. त्याने वही काढली, कोरं पान उघडलं आणि पेन्सिल कानावरून खाली घेतली.

"थांबा हं," तो म्हणाला, "केस मग कापू. आधी मला हे सगळं बायकांचं सांगा."